पाटकऱ्याचं पाणी

पोट ताणून नगाऱ्यासारखं झालेलं, तोंडावर घामाच्या धारा, खाटेला टांगलेली लघवीची पिशवी ठणठणीत कोरडी, आणि आमचे मालक मला म्हणतात, "घाबरू नगं. आत्ता बंद हाय. चारला सोडायचंय."

पाण्याच्या बाबतीत माझ्या नवऱ्याइतका हट्टी माणूस नीरेच्या दोन्ही काठांना झाला नसेल. ते लासुर्ण्याला कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं आणि दार कधी बंद करायचं, हे ठरवणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. नोकरी संपली तरी त्यांच्या डोक्यातला कालवा काही आटला नाही. पाहुण्याच्या हातावर पाणी घालताना ते हाताकडे बघायचे नाहीत, खाली किती सांडलं ते बघायचे. मी भांडी घासायला बसले की मागं येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बास की आता, वरच्या अंगाला किती सोडतीस." कालव्याचा एक नियम आहे, शेवटच्या शेताला पाणी आधी आणि तोंडाशी असलेल्याला मागून. हा नियम त्यांनी लेकीच्या लग्नात पंगतीला लावला. वाढपी शेवटच्या पानापासून सुरू झाले. तिथं गावातली पोरं आणि वाजंत्री बसले होते. तोंडाशी बसलेले इंदापूरचे व्याही रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहिले. भात त्यांच्यापर्यंत आला तेव्हा वाजंत्र्यांचे हात धुऊन झाले होते. व्याही बिचारे सज्जन, काही बोलले नाहीत. विहीणबाई मात्र अजून बोलतात.

अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. प्रोस्टेट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र उलटसुलट बघून हे म्हणाले, "म्हंजी दाराजवळच गाळ साठलाय." डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. मग ऑपरेशन करून तो गाळ काढला, आत टाके घातले, नळी बसवली, पिशवी लावली आणि आम्हाला घरी पाठवलं. नळी वाहती ठेवायची, एवढंच निक्षून सांगितलं होतं. ती तुंबली तर आतले टाके उसवतील आणि पुन्हा पोट फाडावं लागेल. हे मी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं, पण त्यांना ते पटलं नाही.

त्या दुपारी शेजारचे तात्या त्यांना बघायला आले होते. तात्यांचं शेत अगदी तोंडाशी, त्यामुळे त्यांना जन्मभर पाणी मागूनच मिळालेलं. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस जरा तोंड पाडून बसतो, पण तात्या खुशीत दिसत होते. पिशवीकडे बघून म्हणाले, "पाटकरी, अखेर सरकारनं तुमालाच मीटर बसिवला म्हनायचा."

हे हसायला गेले आणि कळवळले. मी पोटाला हात लावला, तर दगड. तात्या बसलेले असोत नाहीतर अख्खं गाव, मी चादर ओढली. नळी दुमडून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता. माझाच चिमटा, सकाळपासून मी तो दोरीवर शोधत होते.

"ह्यो काय उद्योग?"

"अगं, रातंदिस सोडून ठिवलं की कालवा फुटतो. पाळी लावलीया. चार तास बंद, मग सोडायचं."

मी चिमटा ओढून काढला. पिशवीत अशी धार लागली की तात्या उठूनच उभे राहिले. तिघंही नुसती ती धार ऐकत होतो. मग तात्या टोपी घालत म्हणाले, "बरं हाय वैनी, पानी सुटलं. येतो मी."

ह्यांचा जीव भांड्यात पडला तसा तोंडात पुन्हा पाटकरी आला. "येळंआदी सोडलंस तू."

"तुमी बी येळंआदीच गेला असता," मी म्हटलं.

गाडी करून बारामतीला नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी टाके बरे असल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, हे करायला कुणी सांगितलं? हे म्हणाले, "सांगायला कशाला पायजे? माजी पस्तीस वर्सं नोकरी झालीया." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी नळीवर राखणीला बसते. आणि बसले. जेवताना सुद्धा माझं एक बोट नळीवर असायचं.

पुढे नळी निघाली आणि खरी पंचाईत तेव्हा झाली. ज्या माणसानं जन्मात एक थेंब वाया जाऊ दिला नाही, तो आता खोकला की थेंब, उठला की थेंब, हसला की धार. डॉक्टर म्हणाले होते, महिने लागतील, एखाद्याचं राहतंही तसंच. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ओसरीवर यायचं सोडलं. मी माझं जुनं लुगडं फाडून घड्या शिवल्या आणि लंगोटात घालायला दिल्या. दुसऱ्या दिवशी घडी माझ्यापुढं टाकून म्हणाले, "काठ कशाला ठिवलास? टोचतंय." मी म्हटलं, मी तो काठ कमरेला वीस वर्षं सोसला, तुम्हाला दोन दिवस जड झाला? पण काठ काढून दिला.

त्यांना खरं टोचत होतं ते निराळंच. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाप दवाखान्यात म्हणून तिला इंदापूरलाच राहावं लागलं. मुलगी झाली. बारशाला सुद्धा हे गेले नाहीत. लासुर्ण्याहून इंदापूर ते काय लांब, पण एसटीत बसायचं, व्याह्यांच्या घरी गादीवर बसायचं. "तितं उटलो आन् गादीवर डाग दिसला तर?" असं मला एकदाच म्हणाले, तेही भिंतीकडे बघून. नात बघायची आहे हे मात्र म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला होता. लघवी धरून ठेवतो तसं आतून आवळायचं, मग सोडायचं. हे करीनात. म्हणे, ह्यात कसला आलाय व्यायाम. मी विचारलं, "कालव्याचं दार गळाय लागलं तर तुमी काय करायचा? भिंतीकडं तोंड करून झोपायचा?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "दार रोज उगडझाप करायचं. न्हायतर अकडतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून आवाज आला, "बंद!" मग थोड्या वेळानं, "सोड!" त्यांना मनातल्या मनात काही करताच यायचं नाही, हुकूम मोठ्यानंच द्यायचा. रस्त्यानं जाणारी बाई थांबून मला विचारायची, "काकी, आबा कुनाला वरडत्यात?" मी सांगायची, स्वतःलाच. सकाळ-संध्याकाळ हेच. उन्हाळा गेला, पाऊस झाला, ऊस डोक्याच्या वर गेला, आणि घड्या दोरीवर कमी दिसायला लागल्या. एक दिवस धुतलेलं धोतर मागितलं आणि म्हणाले, "इंदापूरची गाडी कवा हाय?"

एसटीत त्यांनी उभं राहून प्रवास केला. कंडक्टरनं जागा दिली, तरी नाही. दर खड्ड्याला ओठ हलायचे, आवाज तेवढा बाहेर येत नव्हता. व्याह्यांच्या घरी पोचलो, तर गादीकडे बघितलंच नाही, सरळ फरशीवर मांडी घातली. लेकीनं नात आणून मांडीवर ठेवली. पोरीनं आज्याकडे नीट बघून घेतलं आणि सगळं धोतर भिजवलं.

विहीणबाई धावल्या, लेक फडकं घेऊन आली. ह्यांनी हातानं सगळ्यांना थांबवलं. "असू द्या. तिचं हाय." व्याही आत आले, त्यांनाही सांगितलं, तिचं हाय. शेजारून कुणी डोकावलं, त्यालाही. धोतर बदलायला तयार नाहीत. आल्या-गेल्याला ओलं धोतर दाखवत संध्याकाळपर्यंत पोरीला घेऊन बसले. निघताना एसटी स्टँडवर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सगळं तिचंच व्हतं."

मी म्हटलं, व्हय.

सगळं तिचंच होतं का, ते मला ठाऊक नाही. मी तपासलं नाही. त्यानंतर ते पुष्कळ जगले. नातीला सायकल चालवताना बघितलं, तिच्या बाटलीतलं पाणी सांडलं की तिलाही बोलले. कॅन्सर पुन्हा आला नाही. गेले ते म्हातारपणानं, झोपेत. मी आहे.