एकच डोस, सकाळी सहाला

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत. आज का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ रेटत नाही.

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा थोरला भाऊ, दादा, हाडांचा डॉक्टर. वहिनींचे गुडघे गेले, पाण्यात चालणं बरं म्हणून दादाने बंगल्यामागे पोहण्याचा छोटा तलाव बांधला. लातुरात! जिथे नळाला पाणी आलं की माणसं लग्नातून उठून घरी पळतात, तिथे. लोक हसले. मीही हसलो — आणि मग त्याच तलावाच्या नादी लागलो.

मला सर्किटं जोडायचं वेड आहे. वेड म्हणजे काय, बायको सोल्डरिंगच्या धुराला माझं अत्तर म्हणते. तीन महिने खपून मी तलावासाठी एक यंत्र बनवलं. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बोटभर कंट्रोलर, पाण्याचं तापमान मोजायला सेन्सर, आणि कॅनमधून मोजून क्लोरीन ओढणारा छोटा पंप. रोज सकाळी सहाला ठरलेला एक डोस पाण्यात जायचा. तापमान दादाच्या मोबाइलवर दिसायचं, आणि प्रत्येक डोसची वेळ आतल्या मेमरी कार्डावर लिहिली जायची. ती मला सोडून कुणाला वाचता येत नव्हती.

त्याआधी क्लोरीन घालायचं काम युसूफभाईंकडे होतं. साठीचा माणूस. तरुणपणी नांदेडला एका तरणतलावावर कामाला होते, नंतर लातुरात आले. ओंजळीत पाणी घ्यायचे, वास घ्यायचे, आणि मगाने अंदाजाने ओतायचे. ‘माझ्या पाण्यानं कुणाचे डोळे चुरचुरले न्हाईत,’ ही त्यांची एकुलती एक बढाई. यंत्र आल्यावर त्यांच्याकडे पाला काढणं आणि फरशा घासणं तेवढं उरलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते माझा डबा रोज स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

आता थोडं लाईटीबद्दल. तुम्हाला वाटेल, मास्तर विषय टाळतोय. टाळतोय खरा, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. यंत्राची सगळी चाचणी मी माझ्या घरी केली. महिनाभर बादलीत नळी सोडून बसलो होतो. आणि माझ्या घरी इन्व्हर्टर आहे. लाईट गेली हे आम्हाला शेजारच्यांच्या ओरडण्यावरून कळतं! मराठवाड्यात जन्म काढलेला मी, पोरांना वीज शिकवणारा — लाईट जाते हेच विसरलो. दादाच्या पंपघराला इन्व्हर्टर नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या भागात लाईनचं काम चाललं होतं. लाईट यायची, पाच मिनिटांत जायची. यंत्र दर वेळी नव्याने जागं व्हायचं, आजचा डोस दिलाय हे त्याच्या ध्यानात नसायचं, आणि ते पुन्हा एक डोस द्यायचं. युसूफभाई सातला येऊन पाला काढून आठच्या आत गेले होते. अकराला वहिनी पाण्यात उतरल्या.

डोळे सुजले, खोकला थांबेना. एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढे बऱ्या झाल्या, डोळेही वाचले. पण त्या दुपारी ते कुणाला माहीत होतं?

दादाने क्लोरीनचा कॅन पाहिला. बराच रिकामा झाला होता. मला बोलावून त्याने एकच विचारलं — तुझ्या मशीनने किती टाकलं?

मी तिथेच, पंपघराच्या ओट्यावर, लॅपटॉप उघडला. दादा समोर उभा होता, त्याला पडदा दिसत नव्हता. सात नोंदी होत्या. एकाखाली एक, वेळेसकट. सात.

मी म्हणालो, “एकच. सकाळी सहाला.”

किती वेळ लागला असेल मला? पापणी लवायला लागतो तेवढा. घाबरलो होतो म्हणू? घाबरलो होतोच. पण त्याहून जास्त — दादापुढे आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी कौतुकाचं झालं होतं, आणि ते मला सोडवेना. एवढं क्षुद्र कारण होतं.

उरलं कोण? युसूफभाई. जुनी सवय, सकाळी क्लोरीनचा मग उचलला असेल, ओतलं असेल. हे मी बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही, दादा आपणहून तिथे पोहोचला. त्यांना बोलावणं गेलं. ते फाटकाशी चपला काढून ओट्यासमोर येऊन उभे राहिले.

“कसम खाऊन सांगतो डॉक्टरसाहेब, म्या क्यानला हात बी लावला न्हाई.”

“मग काय मशीन खोटं बोलतंय?” दादा ओरडला.

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर — पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी लॅपटॉप बंद केला.

“न्हाई,” ते हळूच म्हणाले, “सरची मशीन खोटं कशाला बोलंल?”

दादाने त्यांना कामावरून काढलं. त्याच संध्याकाळी मी कार्डावरच्या नोंदी पुसल्या. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या, डब्यात एक बॅटरी बसवली. तेव्हापासून यंत्र एकदाही चुकलेलं नाही. दादा पाहुण्यांना हौसेने दाखवतो. कॉलेजच्या प्रदर्शनात त्याचा नमुना मांडला होता, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं — मला बरं वाटलं.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामाने अहमदपूरला गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर बाकावर युसूफभाई बसलेले. लेकीकडे राहायला आले होते. मला पाहून उठून उभे राहिले. पहिला प्रश्न वहिनींच्या डोळ्यांचा. मग, सध्या काम कुठे चाललंय असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

“सोडलं सर. दोन ठिकाणहून बोलावणं आलतं, गेलो न्हाई. हाताचा भरोसा राह्यला न्हाई. म्या लई इचार करून राहिलो त्या दिवसाचा. मशीनमधी एकच व्हतं, म्हंजी बाकीचं म्याच टाकलं असंल. आठवत न्हाई — पर टाकलं असंल. बाईसाहेबांचे डोळे गेले असते तर? माफी मागायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं बघा. माफ करा सर.”

हात जोडले त्यांनी. भर स्टँडवर.

माझी गाडी लागायला अजून दहा मिनिटं होती. बाकापाशी आम्ही दोघंच होतो. सांगायला दहा मिनिटं खूप झाली, नाही का?

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणालो, “जाऊ द्या युसूफभाई. आम्ही केव्हाच विसरलो ते.”