घोट्याची पट्टी

कॉलेजच्या कागदोपत्री ते 'शिपाई, क्रीडा विभाग' होते. मैदानावर सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या तिरक्या छताच्या खोलीत, ओल्या बुटांच्या आणि मलमाच्या वासात, त्यांनी सत्तावीस वर्षं खेळाडूंचे पाय बांधले होते. मुरगळलेला घोटा ते असा बांधत की मुलगी लंगडत आत यायची आणि धावत बाहेर जायची. पुढे त्या घोट्याचं काय झालं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

जुन्या सरांच्या हाताखाली मुलींचा फुटबॉल संघ लागोपाठ चार वर्षं जिंकला. त्या चार वर्षांत तीन गुडघे आणि एक खांदा कायमचा गेला आणि शेवटी चौकशी होऊन सरही गेले. सर गेले ते दुसऱ्या कॉलेजात, वरच्या जागेवर. गुडघ्यांसाठी तशी काही सोय नव्हती.

मग त्यांच्या जागी मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टीकाकांच्या खोलीत फळा टांगला. जिचं काही दुखतंय तिने त्यावर नाव लिहायचं. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत खेळायचं नाही आणि काकांनी काही बांधायचंही नाही.

"हे वर्ष आपण हरणार आहोत," त्या मुलींना म्हणाल्या. "तेव्हा आतापासूनच मनाची तयारी करा."

मुलींची तयारी झाली, पट्टीकाकांची होईना. सात सामने, सात पराभव. फळ्यावर कधी कधी इतकी नावं असत की अकरावी खेळाडू शोधायला वाचनालयात माणूस धाडावा लागे. पण सरांच्या वेळी संघ सोडून गेलेल्या दोघी परत आल्या. दुखलं तर मुली दुखतंय म्हणू लागल्या. कपडे बदलायच्या खोलीतून हसण्याचे आवाज येऊ लागले.

"हरतात आणि वर हसतात," काकांनी घरी तक्रार केली.

"तुम्ही चार वर्षं जिंकत होतात, तेव्हा कुठे हसलात?" बायको म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

काका उत्तर शोधत जेवले. मॅडम त्यांना आवडू लागल्या होत्या, ही खरी अडचण होती. त्या जाऊ नयेत असं त्यांना फार वाटत होतं, आणि माणूस राहावा म्हणून काय करायचं असतं, हे सत्तावीस वर्षांत त्यांना एकच माहीत झालं होतं: जिंकायचं.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात क्रीडा समितीची बैठक झाली. काका चहा घेऊन आत गेले तेव्हा खजिनदार बोलत होते. "आठवाही हरल्या, तर बाईंना निरोप द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे." प्राचार्य चहात साखर ढवळत राहिले. काका रिकामा ट्रे घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यामागे दार लागलं. ऐकलेलं त्यांनी संध्याकाळपर्यंत पोटात ठेवलं. मग गोलकीपरला सांगितलं.

सामन्याच्या सकाळी तीच दारात उभी. उजवा घोटा टम्म सुजलेला.

"काका, बांधा ना."

"आधी फळ्यावर नाव लिही."

"लिहिलं की मॅडम बसवतील. मी बसले की गोल कोण अडवणार, तुम्ही? मॅडमना घालवायचंय का तुम्हाला?"

काकांनी दार लोटलं. पट्टी दाताने फाडली, सवयीप्रमाणे. वर जाड मोजा चढवला. ती दोनदा उडी मारून म्हणाली, "कळतपण नाही काही!"

संघ एका गोलने जिंकला. शेवटच्या मिनिटाला तिने चेंडू वरच्या वर अडवला आणि खाली आली ती त्याच पायावर. आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू आला. टाळ्या वाजवणाऱ्यांना थांबायला जरा वेळच लागला.

मोजा मॅडमनी स्वतः कापला. आतली पट्टी पाहिली. अशी सुबक पट्टी बांधणारा कॉलेजात एकच माणूस होता.

संध्याकाळी त्या अहवाल लिहीत असताना काका टेबलासमोर जाऊन उभे राहिले. "मॅडम, माझं नाव घाला त्यात."

"घातलंय. माझ्या नावाच्या खाली."

समितीने अहवाल वाचला. जखमी खेळाडूला मैदानात उतरवल्याबद्दल मॅडमना काढण्यात आलं. काकांना समज देण्यात आली. तळमळीचा जुना माणूस म्हणून खजिनदारांनी त्यांच्या पाठीवर हातही ठेवला.

मॅडम खोली आवरत होत्या. काकांनी न सांगता खोका उचलला. जिन्यात त्यांना राहवलं नाही.

"तुम्हाला अजून एक वर्ष मिळायला हवं होतं."

"मिळालं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काय ऐकलंत ते गोलकीपरने मला सांगितलं. त्याच बैठकीत ठरलं होतं, हरलो तरी मला ठेवायचं. प्राचार्यांनी खजिनदारांचं ऐकून घेतलं आणि मग नाही म्हणाले. मला सामन्याच्या सकाळी कळवलं. मी मुलींना सामना संपल्यावर सांगणार होते, खेळताना डोक्यात नको म्हणून."

काका पायरीवरच थांबले. खोका जड नव्हता. चार पुस्तकं आणि एक पाण्याची बाटली.

"तुम्ही बाहेर कधी आलात, काका?"

"चहा दिला आणि आलो."

"मग पाचच मिनिटं कमी पडली," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर काकांना सोपं गेलं असतं. "तिचं ऑपरेशन गुरुवारी आहे. भेटायला जा. आणि मला काढलंय, ते तिला इतक्यात सांगू नका. तिला वाटतंय, तिने मला वाचवलं."