न झालेला टायफॉईड

एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी मी ॲनाटॉमीत नापास झाले होते आणि शेवटच्या वर्षी स्त्रीरोगात कॉलेजात पहिली आले होते. अशी खालीवर गुणपत्रिका घेऊन मी त्याच विषयाच्या निवासी डॉक्टरच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. केदारखेड्याहून दादा, म्हणजे माझे वडील, सोबत आले होते. पहिल्या वर्षाचं कुणी विचारलंच तर टायफॉईड झाला होता असं सांगायचं, हे मी एसटीतच ठरवून टाकलं होतं.

व्हरांड्यातल्या बाकावर सगळ्या मुली गुणपत्रिका छातीशी धरून बसल्या होत्या. कुणी कुणाला मार्क सांगत नव्हतं. दादांना मात्र गप्प बसणं माहीतच नव्हतं. "आमची पोरगी पहिल्या साली नापास झाल्ती," बांधावरून हाक मारावी तशा आवाजात ते शेजारच्या पालकांना सांगू लागले. "मंग पुन्हा बसली अन् बराबर पास झाली." मी दातओठ खात होते, तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत गेले तरी दार उघडंच राहिलं. टेबलापलीकडे बसलेल्या, मुलाखत घेणाऱ्या सरांनी गुणपत्रिकेवर बोट ठेवलं. "पहिल्या वर्षी काय झालं?"

बाहेर दादा तीच गोष्ट आणखी कुणाला तरी ऐकवत होते.

"नापास झाले, सर," मी म्हणाले. सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न बाळंतपणावरचा विचारला.

जागा मिळाली. आता त्या टेबलाच्या पलीकडे मी बसते. खालीवर मार्कांचं एखादं लेकरू टायफॉईडपासून सुरुवात करतं, तेव्हा मी त्याला मध्येच थांबवते आणि विचारते, "बाहेर सोबत कोण आलंय?"