आठ बाजूंचा राक्षस

दुपारी एक ते चार आम्ही दोघं माणसं मारायचो. आर्वीच्या बसस्टँडजवळ माझ्या मित्राच्या वडिलांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. वडील जेवायला आणि झोपायला घरी गेले की शटर अर्धं ओढायचं आणि तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर बंदुकीचा जुना गेम लावायचा. मुळात तो टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या डब्यावरचा खेळ, कॉम्प्युटरवर चालणारी त्याची नक्कल नागपूरहून सीडीत आली होती. दोन हजार एक-दोनच्या सुमाराची गोष्ट. दोघंही कॉलेजात, दोघंही अभ्यासात ढ.

त्या सीडीत एक भन्नाट चीज होती. परदेशातल्या कुण्या पोट्ट्यांनी तोच गेम आतून पार बदलून टाकला होता. भिंती त्यांच्या, बंदुका त्यांच्या, राक्षसांच्या जागी त्यांच्या शाळेतले मास्तर! याला टोटल कन्व्हर्जन म्हणतात, हे सोबतच्या फाइलीत वाचलं. मित्र म्हणाला, "अबे, आपणबी करू ना. आपली आर्वी टाकू."

झालं. चार महिने दुसरं काही सुचलं नाही. भिंतींना कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या विटा लावल्या, कापसाच्या बाजाराचं आवार केलं, त्यात कापसाचे ढीग. जवळून मारायला बैलगाडीच्या बाजूला खोचतात ती लाकडी उभारी दिली. एक फटका, डोकं फुटलं, कापसावर रक्त. पांढऱ्यावर लाल काय उठून दिसायचं! आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो.

राक्षस मात्र अडला. अशा गेममधला राक्षस म्हणजे नुसते सपाट फोटो. तो तुमच्याकडे येतो तेव्हा समोरचा, वळतो तेव्हा बाजूचा, जातो तेव्हा पाठीचा, अशा आठ बाजू आणि प्रत्येक बाजूला चालण्याची चार पावलं. आठ चोक बत्तीस. आमच्या घरचा फोटो स्टुडिओ, म्हणून कॅमेरा माझा. रोल छत्तीसचा. उरलेल्या चार फोटोंत मार खाणं आणि मरणं बसवायचं ठरलं. दुसरा रोल मागितला असता तर घरी माझाच राक्षस झाला असता. पडायला मित्र तयार झाला. काटकुळा होता, पण पडायचा झकास.

आमच्या गच्चीवर खडूनं गोल काढून आठ रेघा मारल्या.

"शर्ट काढ," मी म्हटलं.

"राहू दे ना. शर्टातला राक्षस चालते."

"काय चालते? शर्ट-पँटवाला राक्षस कधी पाह्यला काय बे?"

तो नाही-नाही म्हणत राहिला आणि माझं डोकं तापलं. ते लवकरच तापतं. कॉलर धरून ओढली, दोन गुंड्या तुटल्या. मग त्यानं मुकाट्यानं शर्ट काढला. समोरचे आणि बाजूचे फोटो नीट झाले. "आता फिर," म्हटलं, आणि तो फिरला.

खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचे वळ होते. जुने काळे, नवे लाल, दोन ठिकाणी कातडी फाटून खपली धरलेली. बकलाचा चौकोन तर स्पष्ट उमटला होता. मार आम्हीही खायचो, घरी, शाळेत, सगळीकडे. पण हे मारणं नव्हतं, सोलणं होतं.

"काऊन मारलं?"

"झेरॉक्सचं टोनर सांडलं माह्या हातून. काढ ना फोटो. कायले थांबला? रोल वाया जाईन."

मी काढले. पाठीकडच्या तीन बाजू, बारा फोटो. आणि लाज वाटते पण सांगतो, कॅमेऱ्यातून पाहताना माझ्या मनात आलं होतं की स्क्रीनवर हे काय भारी दिसेल.

मार खाण्याच्या फोटोला तो हसायलाच लागला. मी खाडकन कानाखाली ठेवून दिली. तोंड पाहिजे तसं मिळालं. आवाजाचंही तेच. दुकानात माइकसमोर त्याला नीट ओरडता येईना, म्हणून मी मागून पाठीवर जोरात थाप मारली. नेमकी वळांवर बसली. त्याच्या तोंडून निघालं, "बाबा, बस!" आम्ही ते तसंच ठेवलं.

दुकानातल्या स्कॅनरवरून फोटो गेममध्ये चढवले. एकच रोल, एकच माणूस, त्यामुळं आमच्या सगळ्या आर्वीत तोच हिंडत होता. कुणालाही मारा, "बाबा, बस!" ओरडून तोच पडायचा. सगळ्यात जास्त खेळायचाही तोच. स्वतःचंच डोकं उभारीनं फोडायचा आणि खिदळायचा. मी एकदा म्हटलं, "याच्या जागी तुह्या बापाचा फोटो टाकू काय?" तो असा उसळला की बस. "बापाचं नाव काढू नको माह्यासमोर!"

एका दुपारी वडील तीनलाच आले. शटर वर गेलं, मित्र उठून भिंतीला चिकटला. मला वाटलं, आता कॉम्प्युटर फुटतो नाहीतर हा.

वडील खुर्चीत बसले. "कसं चालते हे?"

मित्रानं कोणती कळ कशाची ते सांगितलं. त्यांनी उभारी घेतली. पहिला पडला. "बाबा, बस!" दुसरा पडला. तिसरा पाठमोरा होता. वडील थांबले, तोंड स्क्रीनजवळ नेलं, पाठ नीट पाहिली. त्यांना कळलं. माणूस असता तर तिथंच उठला असता. यांनी मारलं. पडल्यावरही उभारी चालूच. मग म्हणाले, "आवाज बराबर घेतला."

काउंटरवरचं लोखंडी पंचिंग मशीन उचलून मी त्यांच्या कपाळात घातलं. भुवई फाटली, कीबोर्डवर रक्ताची धार लागली. दुसऱ्यांदा हात उचलला तो मित्रानं धरला आणि मला खाली पाडलं.

"माह्या बापाले मारतं? माह्या बापाले?"

पोटात लाथा घातल्या. शटरवर माझं तोंड आपटलं, समोरचा दात पडला. मी एकदाही हात उचलला नाही. वडील कपाळाला रुमाल दाबून पाहत होते. शेवटी तेच म्हणाले, "बस झालं, सोड त्याले," आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकला, मग तसाच उभा राहिला.

आठवड्यानं तो स्टुडिओवर आला. मला वाटलं, माफी मागेल. दारातूनच म्हणाला, "गेम पुसून टाकला. दुकानात येऊ नको."

"काऊन?"

"त्या दिवसापासून बाबानं मले हात नाई लावला. गिऱ्हाइकाईले सांगत राह्यते, माह्या पोरानं माह्यासाठी त्याले तुडवला म्हणून. आपण संग दिसलो तं..."

मला त्याचा असा राग आला! चार महिन्यांची मेहनत, एक दात, आणि वर हे. "जाय," म्हटलं. पण दोन महिन्यांनी कॉलेजात तो पाठ बाकाला न टेकवता ताठ बसलेला दिसला आणि मला समजलं, पट्टा पुन्हा सुरू झाला. त्याच दुपारी मी दुकानासमोर गेलो आणि त्याच्या वडिलांना भर रस्त्यात आईवरून शिवी घातली.

तो धावत आला, मला पाडलं, छातीवर बसला. पहिली बुक्की हळूच मारली आणि खाली वाकून विचारलं, "लागलं काय बे?"

"जोरात मार," मी म्हटलं. "तुहा बाप पाहून राह्यला."