हरणीपुढे पळणारे हेडक्लार्क

“गडबड न्हाई करायची, गड्या,” असं म्हणून ते डोक्यावरची टोपी काढत, गुडघ्यावर ठेवत आणि तिच्यावर हलकेच थाप मारत. टोपी गुडघ्यावर गेली की समोरच्याने ओळखावं, आता आपली गाडी चुकली.

तुमच्याही कचेरीत असा एक असेल, तर तुम्हाला माझं दुःख कळेल. ते आमचे हेडक्लार्क. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. सांगलीला विश्रामबागेत आमची कचेरी, तिच्या मागेच क्वार्टर्स, आणि माझ्या दुर्दैवाने त्यांची माझी भिंत एक. दिवसभर कचेरीत त्यांच्या टेबलावर माझे कागद अडकायचे आणि संध्याकाळी ओट्यावर मी अडकायचो. साहेब आत टेबल बडवत असायचे आणि हे बाहेर लेखणीचं टोक धोतराला पुसत बसायचे. मी साताऱ्याचा, तडकाफडकी बोलणारा माणूस. या माणसापायी माझे केस लवकर पिकले असं मी आजही म्हणतो.

अशा माणसाने कुत्रं पाळावं, आणि तेही मुधोळचं! वाऱ्याशी शर्यत लावणारं जनावर ते. याला म्हणतात दैव.

झालं ते असं. त्यांचं गाव वडूजच्या पलीकडे. जत्रेला म्हणून मला आग्रहाने घेऊन गेले. तिकडे माळावर सशांच्या शिकारीचा नाद फार. त्यांच्या भावकीतल्या आबाकडे चांगली शिकारी कुत्री होती. आम्ही माळावर उभे असताना त्यातली हरणी नावाची कुत्री सशामागे सुटली, भान हरपून तालीवरून, शेताच्या उंच बांधावरून, खाली कोसळली आणि पुढचा पाय मोडून बसली. आबाने पाय चाचपला आणि हात झटकले. शिकारीत हा रिवाजच होता. मोडलेलं कुत्रं कुणी घरी नेत नसे. ते जिथं पडलं तिथंच राहायचं, पुढे त्याचं नशीब.

सगळे निघाले. हे निघेनात. टोपी काढली, खाली बसले आणि गुडघ्यावर टोपी ठेवली. मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने त्यांनी खांद्यावरचं घोंगडं अंथरलं, हरणीला त्यात गुंडाळलं आणि उचलली. आबा हसला आणि म्हणाला, न्या, मढं वाहायची हौस असली तर.

एसटीच्या कंडक्टरने घोंगड्यात काय आहे म्हणून विचारलं. हे शांतपणे म्हणाले, पेशंट आहे. विट्याला गाडी बदलेपर्यंत ते पेशंट माझ्या मांडीवर कण्हत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होतो, जणू या माणसाची माझी ओळखच नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा ते दिवस. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरी थापता थापता नवऱ्याचा उद्धार करायच्या, की माणसांनी मिलो गिळायचा आणि कुत्रीला दूध. एवढं करून ती दिसायची कशी? पोट पाठीला लागलेलं, बरगड्या उघड्या. तिची जातच तशी. पण गल्लीतली प्रत्येक बाई येऊन वहिनींना सुनावून जायची की मुकं जनावर उपाशी मारू नये. वहिनी माझ्यावर चिडायच्या, कारण नवऱ्यावर चिडून उपयोग नसे.

राखणीच्या नावाने शंख. भंगारवाल्याने दिवसाढवळ्या माझी बादली नेली, तर हिने मान उचलून बघितलं आणि पुन्हा टाकली. अंगावर मांस नाही म्हणून तिला फरशी टोचायची. मग तिने आतल्या खोलीतली गादी धरली. ती त्यांच्या लेकीची गादी. आदल्या वर्षी लग्न होऊन लेक साताऱ्याला गेली, तेव्हापासून ती घडी घालून ठेवलेली होती. वहिनींनी पहिल्या दिवशी हरणीला लाटण्याने उठवलं. दुसऱ्या दिवशी नुसत्याच रागावल्या. थंडी पडली तेव्हा मी बघतो तर गादीवर हरणी आणि तिच्या अंगावर लेकीचा जुना स्वेटर.  मी तोंड वाकडं केलं.

पाय सांधला आणि खरा ताप सुरू झाला. तेव्हाचं विश्रामबाग म्हणजे थोड्या कचेऱ्या, कॉलेज आणि बाकी मोकळं रान. हरणी दारातून जी सुटायची ती रेल्वेच्या रुळांपर्यंत. हाक मारून ती येत नसे. शिकारीच्या कुत्र्याला सोडतात, बोलवत नाहीत. बोलावणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. मी घामाघूम, आणि ते लांबून ओरडायचे, “गडबड न्हाई करायची!” तेव्हा मला कुत्रीपेक्षा त्यांना पकडावंसं वाटे.

यातून सुटका केली एका म्हशीने. एकदा असेच आम्ही हरणीमागे फिरत असताना नुकती व्यालेली एक म्हैस भाऊसाहेबांवर धावून आली. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा मी त्या माणसाला पळताना पाहिलं! धोतराचा सोगा एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. म्हैस थोड्या अंतरावर थांबली, पण हे थांबेनात. आणि तिकडून रुळांजवळून हरणी बाणासारखी आली, त्यांच्या भोवती गिरक्या घेतल्या आणि पायाशी उभी राहिली. पाठीमागे धावलं की ती लांब जायची, पुढे पळालं की मागे यायची.

तेव्हापासून रोज सकाळी गल्लीला फुकटचा तमाशा. कोट, टोपी, धोतर अशा पोशाखातले हेडक्लार्क आपल्याच कुत्रीपुढे पळताहेत. पोरं टाळ्या पिटायची. भाऊसाहेब मला म्हणायचे, तुम्ही तरुण आहात, तुम्हीही पळून बघा. मी स्पष्ट सांगितलं, “भाऊसाहेब, मी सरकारी नोकर आहे. कुत्र्यापुढे पळणार नाही. मेलो तरी नाही.”

त्यांनी टोपी झटकली आणि हसले. कचेरीत मात्र त्यांचा वेग तोच. माझं रजेचं प्रकरण तेव्हाही त्यांच्याच टेबलावर पडून होतं.

हरणी पूर्ववत पळते ही बातमी वडूजकडे पोचायला वेळ लागला नाही. एका रविवारी आबा दारात हजर. हातात पट्टा. कुत्री आपली, पाय मोडला म्हणून दिली होती, आता बरी झाली तर परत न्यायला आलो, असं त्याचं सरळ म्हणणं. मी भांडायला उठलो, तर भाऊसाहेबांनी मला हाताने बसवलं. शेवटी आबाच म्हणाला, भांडण नको. मैदानात सोडू. ज्याच्याकडं जाईल त्याची.

माझा जीव भांड्यात पडला. आता काय, हे पळतील आणि ती येईल. वहिनी मैदानावर आल्याच नाहीत. सकाळपासून त्यांनी चूल पेटवली नव्हती.

हरणीला सोडलं. आबा एका टोकाला उभा राहून शिकारीतल्या आरोळ्या देऊ लागला. मी भाऊसाहेबांच्या कानात म्हणालो, पळा. ते उभेच. पुन्हा म्हणालो, पळा की हो! त्यांनी टोपी काढली आणि चक्क मातीत बसले. टोपी गुडघ्यावर. माझं डोकं फुटायची वेळ आली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा या माणसाने गडबड करायला हवी होती, आणि हा बसला होता!

हरणी मैदानाला मोठा वळसा घालून पळाली. असं पळणं मी पुन्हा पाहिलं नाही. ती आबाच्या जवळून गेली, भाऊसाहेबांच्याही जवळून गेली, थांबली कुणाकडेच नाही आणि सरळ घराकडे निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा ती गादीवर चारी पाय वर करून पडली होती आणि वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. आबा पट्टा घेऊन पुढे झाला.

“न्यायची तर न्या, आबा,” वहिनी म्हणाल्या. “पर तुमीच उठवा तिला. त्या गादीवरनं एकदा लेक उठवून धाडलीया मी. परत माझ्या हातनं न्हाई व्हायचं.”

आबाने हरणीकडे बघितलं, गादीवरच्या लेकीच्या स्वेटरकडे बघितलं. कुत्रं वाया घालवलं, एवढंच म्हणाला आणि वहिनींच्या हातचा चहा घेऊन गेला.

मला मात्र राहवेना. मी रागाने विचारलं, का पळाला नाहीत?

“पळालो असतो तर आली असती की,” ते म्हणाले. “पर त्यात माझं काय? ती पळणाऱ्या कुणाच्याबी मागं येती, गड्या. म्हशीपुढं पळालो तवाबी आलीच.”

पुढे भाऊसाहेबांना पोटाचं दुखणं निघालं. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, टांगा नजरेआड होईपर्यंत हरणी फाटकात उभी होती. ते परत आले नाहीत. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकाच कामात गडबड केली, आणि नेमकी ह्या कामात. याचा मला अजून राग आहे. माझा त्यांच्यावर जीव होता, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण जन्मभर चिडण्यातच वेळ गेला, आणि वाटायचं, या माणसाला कुठे घाई आहे.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी हरणी फाटकातून सुटली. वहिनी दारात येऊन माझ्याकडे बघू लागल्या. मी कचेरीच्या कपड्यांत होतो. गल्लीत माणसं होती, पोरं होती. मी तिचा पट्टा उचलून मैदानात गेलो, तिला एक हाक मारली, तिच्याकडे पाठ केली आणि पळालो. सरकारी नोकर, पायात चपला, जीव खाऊन पळालो. कुणीही टाळी वाजवली नाही.

मागे तिची पावलं ऐकू आली. ती आली, अगदी जवळ आली. माझ्या तोंडाकडे तिने बघितलं आणि थांबली. मग माझ्यावरची नजर काढून मिरजेच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी पुन्हा थोडा पळून पाहिलं. ती हलली नाही.

भाऊसाहेब, तुमचं चुकलं. ती कुणाच्याही मागे येत नाही.

मी धापा टाकत पट्टा घेऊन पुढे झालो, तेवढ्यात वहिनी मागून आल्या. त्यांनी माझ्या हातातून पट्टा काढून घेतला.

“गडबड करू नगा, भावजी,” त्या म्हणाल्या. “तिचं बघून हुं द्या.”

कचेरीची वेळ होऊन गेली होती. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.