काऊचा घास

समोरच्या गॅलरीत शेवंतामावशींचा एक डबा संपेपर्यंत दुसरीकडे लग्नाची अख्खी पंगत उठून वामकुक्षीला लागते. त्या दोन वर्षांच्या चिनूला सांभाळतात. चिनू एका जागी बसली तर पृथ्वी फिरायची थांबेल, अशी माझी खात्री आहे. मावशींनी डबा उघडला रे उघडला की हिला चप्पल चावायची असते. भाकरीच्या दोन तुकड्यांमध्ये एखादा ऋतू सहज निघून जातो.

पण मावशी वस्ताद! "हा घास चिऊचा," म्हणत चिनूला वरणभात भरवतात आणि "हा घास काऊचा," म्हणत भाकरी स्वतःच्या तोंडात टाकतात. मी हसलो तर म्हणाल्या, "हसताय काय भाऊ? काऊला पोट नसतं व्हय?"

खरंच, पोरांना भरवताना आपण चिऊ, काऊ, हम्मा, सगळ्यांची नावं घेतो. भरवणारीचं तेवढं राहून जातं. चिनू मात्र आता मावशींनाच काऊ म्हणते.

काल मावशी फडकं घ्यायला वळल्या आणि कठड्यावर खराखुरा कावळा बसला, अगदी घारीएवढा. डोळा भाकरीच्या शेवटच्या घासावर. मी ओरडणार, तोच चिनूने डब्यावर दोन्ही हात ठेवले. "जा! काऊचा आहे!"

कावळा उडाला. मावशींनी तो घास मांडी घालून, सावकाश खाल्ला. कावळा मात्र समोरच्या झाडावर अजून विचार करत बसलाय, की मग आपण कोण?