मिस्त्रींच्या काठीचा टेकू

तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये मिस्त्रींनी कुबड्या बनवल्या. लंगडत आलेला माणूस कुबड्या घेऊन ताठ निघाला की मिस्त्री रंधा थांबवायचे आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहायचे. असा हाडाचा कारागीर! पण निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्वतःच्याच उजव्या खांद्यानं असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, एखादी वस्तू उचला, ठेवा, हरकत नाही. पण हात पुढे धरून तास न् तास बसणं बंद.

आणि मिस्त्रींचं रविवारचं सुख म्हणजे तेच. तळ्याच्या काठावर घडीची खुर्ची टाकायची, गळाची काठी हातात धरायची आणि शेजारी बसलेल्या घड्याळजींचे टोमणे ऐकायचे. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे जुने दोस्त.

"काठीला टेकू लाव की," घड्याळजी म्हणाले. "मी बघ, दोन बेचकी रोवली की झोप काढायला मोकळा."

"टेकू? अरे, टेकू बनवण्यात हयात गेली माझी. विकतचा कशाला आणू?"

आठ दिवसांत मिस्त्रींनी दोन टेकू तयार केले. काय वर्णावेत! सागवानाचे, पॉलिश केलेले. वरच्या बेचक्यात स्पंज भरून त्यावर रेक्झिन चढवलेलं. आणि खाली, न घसरण्यासाठी, काळे रबरी बूट.

घड्याळजींनी ते पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "मिस्त्री, काठीचा पाय मोडलाय का रे?"

रबरी बूट चिखलात रुतेनात. दाबले की आडवे होत. मिस्त्रींनी गुपचूप बूट काढून खिशात घातले आणि टेकू कसेबसे उभे केले. तासाभरानं मासा लागला. दोरा पळायला हवा होता, पण तो काठी आणि मऊ गादीच्या मध्ये चेंगरून बसला. मग माशानं सबंध काठीच ओढली. मिस्त्री धावले ते नेमका उजवा हात पुढे करून. काठी वाचली, खांदा मात्र कामातून गेला.

संध्याकाळी सदऱ्याची बाही अंगातून निघेना, तेव्हा लेकीला सगळं कळलं. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिनं बाही हळूच सोडवली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी मी येते तुमच्याबरोबर. मला पटलं नाही, तर काठी माळ्यावर. कायमची."

"अगं, पण..."

"कायमची."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हजर. दुकानवाल्या बाई गळांच्या पुड्या लावत होत्या. मिस्त्रींची नजर सरळ गेली ती काचेतल्या चकचकीत चौपायी स्टँडवर.

"हा द्या."

"किती काठ्या लावता, काका?"

"एकच."

"हा तीन काठ्यांचा संसार आहे. एकटीला कशाला एवढा बंगला?" बाई हसल्या. "बरं, तुमचा काठ कसा आहे? खडक, फरशी, फळ्यांचा धक्का की माती?"

मिस्त्रींनी स्टँडवरची नजर काढली. हा तर त्यांचा प्रश्न होता! तीस वर्षं प्रत्येक माणसाला त्यांनी हेच विचारलं होतं: घरात फरशी कसली, पायऱ्या किती, अंगण ओलं असतं का? त्याशिवाय लाकडाला करवत लावली नव्हती. आणि स्वतःच्या तळ्याला मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले आणि घरावरून तळ्यावर गेले. घरून नेलेली लोखंडी सळई त्यांनी आपल्या जागेवर सहा ठिकाणी खुपसून पाहिली. वर चार बोटं चिखल, खाली खडी. घड्याळजींची बेचकी रुतायची ती पलीकडच्या भुसभुशीत मातीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना हे असं सांगितलं, की जणू एखाद्या पेशंटचा कागदच वाचून दाखवताहेत. बाईंनी तीन पायांचा स्टँड काढला. "हा खडकावर उत्तम. पण चिखलात एक पाय खचला की मान टाकतो." मग साध्या टोकदार सळया आल्या, त्या खडीला लागल्यावर वाकतील, हे मिस्त्रींनीच सांगितलं. शेवटी निघाल्या स्क्रूसारखा पीळ असलेल्या, उंची कमीजास्त करता येणाऱ्या दोन जाड सळया. पुढच्या सळईसाठी रुंद बेचकं, त्याच्या तळाशी दोरा सुटा राहावा म्हणून खाच. मागच्यासाठी काठीची मूठ पकडून ठेवणारं रबरी कडं.

"रबर?" मिस्त्री दचकले.

"वर चालतं, काका. पायात नको."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घड्याळजी कालच येऊन गेले," बाई म्हणाल्या आणि मान खाली घालून पुड्या मोजू लागल्या.

रविवारी लेक आली आणि खुर्ची न मागता उतरणीवरच्या दगडावर बसली. मिस्त्रींनी सळया पिळून पिळून खडीत उतरवल्या, डाव्या हातानं. पुढचं बेचकं जरा खाली, काठीचं टोक पाण्याकडे झुकलेलं. खाचेतून दोरा ओढून पाहिला, रीळ सैल केलं. मग ते खुर्चीत बसले.

आणि हातांचं काय करावं ते कळेना. पहिल्यांदा रंगमंचावर ढकललेल्या माणसासारखे ते हात कधी गुडघ्यावर, कधी खिशात, कधी पाठीमागे. दोनदा उजवा हात काठीकडे निघाला. दोन्ही वेळा लेकीनं नुसतं पाहिलं आणि हात परत मांडीवर आला.

उन्हं चढली. एकाएकी रीळ करकरलं.

"उचल, उचल!" घड्याळजी ओरडले.

मिस्त्रींचं सगळं अंग पुढे ओढलं गेलं, पण ते बसून राहिले. दोरा खाचेतून सुळसुळत गेला. काठी थरथरली, सळया हलल्या नाहीत. मग त्यांनी डावा हात मुठीखाली घातला, उजवं कोपर अंगाशी ठेवलं आणि काठी सावकाश उचलली. थोडा वेळ झोंबाझोंबी झाली. एक रुंद, रुपेरी पाठ पाण्यावर आली, उलटली आणि दोरा हलका झाला.

"गेला," घड्याळजी म्हणाले. "माझ्याकडे असता तर..."

"तुझ्याकडे असता तर तू झोपलेला असतास."

लेक उठली. तिनं सळईला हात लावून पाहिला, मग जरा जोर लावून हलवून पाहिलं. सळई हलली नाही. तिनं बापाच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला.

"दुखतोय?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडासा. कालच्याइतकाच."

तिनं मान हलवली. जेवणाचा रिकामा डबा पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि उतरण चढून घराकडे निघाली. काठी तिनं मागितली नाही. मिस्त्रींनी ती पुन्हा बेचक्यावर ठेवली आणि गळाला कणीक लावायला घेतली.